बाहेरची लाईन

घाटकोपर,
८ ऑक्टोबर २०२४

ती. धोंडूकाका,

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून फोन नाही. मोबाईलवर तुमचं बोट एकाऐवजी तीन अक्षरं दाबतं म्हणून मेसेज नाही. राहिलं पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कुणाला गं, वकिलाला?" म्हटलं, "काकांना." त्या हसल्या.

आई सांगत होती, तुम्ही तिला विचारलंत की श्रुतिका मुलुंडला नेमकं करते काय. तर तुमच्या पडवीत ती राखाडी पेटी आहे ना, जिची केबल कातळावरून समुद्रात गेलीय आणि जिच्या टोकाला पाण्यातला माईक आहे, तिच्या या टोकाला मी बसते. आमचं केंद्र म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एका बंद कारखान्याचा वरचा मजला. माणसं सहा. सुलक्षणा मॅडम प्रमुख. पेटी बसवायला त्याच तुमच्याकडे आल्या होत्या. समुद्राचे आवाज ऐकायचे आणि देवमासे कुठून कुठे जातात ते शोधायचं, हे आमचं काम. तुम्ही महिन्याला डिस्क काढून कुरिअर करता आणि आम्ही दीड-दोन महिन्यांनी शिळा समुद्र ऐकतो.

शिळा ऐकल्याने काय होतं ते मार्चमध्ये कळलं. जानेवारीत तुमच्या पुळणीवर देवमाशाचं मेलेलं पिल्लू लागलं होतं, आठवतं? त्या दिवसांची डिस्क मी लावली. देवमाशाचा आवाज इतका खालचा की आपल्या कानाला तो धड पोचत नाही, दहापट वेगाने लावावा लागतो. आधी दोन आवाज होते, एक मोठा, एक लहान. मग बोटीचं इंजिन. मग लहान आवाज बंद. आणि मोठा आवाज एकसष्ट तास चालू राहिला, काका. हाक, मग थोडं थांबणं, मग परत हाक. उत्तरासाठी जागा सोडल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, "हा शोक आहे असं आपल्याला लिहिता येणार नाही. पुरावा नाही." आणि चष्मा काढून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्या वेळी कुणी ऐकत असतं तर बोटींना सांगता आलं असतं. म्हणून आता समुद्र थेट ऐकायचाय.

बीकेसीतल्या एका बँकेने काढून टाकलेले नऊ सर्व्हर आम्हाला मिळालेत. त्यांचं मिळून एक मोठं यंत्र केलंय. त्याला प्रायव्हेट क्लाउड म्हणतात, स्वतःच्या घरातला ढग. त्याच्या पोटात हवी तेवढी लहान यंत्रं नुसती लिहून जन्माला घालता येतात. एक आवाज साफ करतं, एक देवमासा ओळखतं. ढग बाहेरून भाड्यानेही मिळतो, पण देवमासा या घडीला कुठे आहे हे ज्यांना कळू नये असेही लोक आहेत, म्हणून घरचा. अडचण एकच. ही आतली यंत्रं फक्त एकमेकांशी बोलतात. तुमच्या भाषेत, शंभर एक्स्टेन्शन आहेत आणि बाहेरची लाईन नाही. ती लाईन मी टाकायची आहे.

पंचायतीपर्यंत आलेली फायबर तुम्ही मागे लागून पडवीपर्यंत ओढून घेतलीत, सिद्धेशदादाने सांगितलं. एकदा टेलिफोनवाला तो कायमचा टेलिफोनवाला! पेटीवरचा हिरवा दिवा लागतो ना, तेवढं बघा.

तुमची,
श्रुतिका

*

कातळवाडी, ता. देवगड,
१७ ऑक्टोबर २०२४

चि. श्रुतिकास आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दोनदा वाचले. दिवा हिरवा आहे.

एक्स्टेन्शन म्हटलेस म्हणून लिहितो. घाटकोपरच्या एक्स्चेंजमध्ये माझी चौतीस वर्षे गेली. सुरुवातीला ट्रंक कॉलचे दिवस होते. एकदा एका बाईने मस्कतचा कॉल लावला. नवरा तिकडे. तीन तास लाईन मिळेना. मिळाली तेव्हा ती काही बोललीच नाही, तोही नाही. नुसते श्वास. ऑपरेटरने मध्ये ऐकू नये असा नियम होता. मी ऐकले. समुद्रापलीकडचा माणूस श्वास घेतो आहे आणि तो या वायरीतून माझ्या कानात येतो आहे, हे पुढे किती दिवस मला खरे वाटत नव्हते. आता कान गेले, पण तो श्वास गेला नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सवडीने उत्तर दे, पण दे. त्या एकसष्ट तासांत ती मोठी तिथेच होती की लांब गेली? दुसरे, ही पेटी होड्यांचे आणि होडीतल्या माणसांचेही ऐकते काय? तिसरे, आवाज थेट आला तर तुम्ही नुसते ऐकणार, की खरोखर कोणाला तरी सांगणार?

आमचा सिद्धेश हल्ली गप्प असतो. होडी घेऊन समुद्रावर जातो, येतो, जेवतो. मासळी कमी आहे, त्यामुळे असेल.

दिवाळी झाली की मी मोतिबिंदूसाठी कुडाळला माझ्या बहिणीकडे पंधरा दिवस राहणार आहे. तुझी काकू विमला म्हणते, "चेडवाक सांगा, येळेर जेव म्हणान." पोरी, वेळेवर जेव. सांगितले.

तुझा,
धोंडूकाका

*

घाटकोपर,
२६ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

लागली! बाहेरची लाईन लागली. पण आधी फजिती ऐका.

नऊ यंत्रांपैकी एकालाच बाहेरच्या जगाची वायर येते. त्या वायरीवर आधी एक पूल बांधायचा, तोही सॉफ्टवेअरचा, डोळ्यांना न दिसणारा. मग त्या पुलावर एक नेटवर्क जाहीर करायचं आणि ढगाला सांगायचं की हे बाहेरचं, जगाकडे जायची वाट ही. इंटरनेट कंपनीने दिलेले पाच पत्ते त्याच्या ताब्यात द्यायचे. मग आतलं आणि बाहेरचं यांच्या मध्ये एक राउटर उभा करायचा. तो तुमचा ऑपरेटर समजा. आतल्या कुणाला बाहेर बोलायचं असेल तर बाहेरचा नंबर लावून देणार, आणि उत्तर आलं की ते बरोबर त्याच एक्स्टेन्शनला पोचवणार.

गेल्या रविवारी मी घरी बसून हे करत होते. वायर पुलाला जोडली आणि स्क्रीन गोठला. कारण ज्या वायरीने मी घाटकोपरहून आत शिरले होते तीच मी पुलाखाली घातली, आणि तिचा पत्ता पुलाला द्यायला विसरले. बसल्या फांदीवर कुऱ्हाड! रिक्षा पकडून मुलुंडला गेले. वॉचमन खंडूभाऊ कुलूप काढता काढता म्हणाले, "रविवारी काय विसरलात, मॅडम?" म्हटलं, "स्वतःला आत घ्यायला विसरले."

पूल झाला, राउटर झाला, तरी बाहेरून हाक मारली की आत शांतता. दोन दिवस डोकं धरून बसले. मग लक्षात आलं, या यंत्रांना जन्मतःच शिकवलेलं असतं की अनोळखी माणसाला ओ द्यायची नाही. कुणाच्या हाकेला ओ द्यायची ते लिहून द्यावं लागतं. ते लिहिलं.

आणि काल दुपारी चार वाजता आतल्या सगळ्यात लहान यंत्रातून मी तुमच्या पेटीला हाक मारली. पिंग म्हणतात त्याला. त्यात एवढंच असतं, "आहेस का?"

पेटी म्हणाली, "आहे."

जाऊन-येऊन एकतीस मिलिसेकंद. एका सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातले एकतीस घ्या. तेवढ्यात ती हाक हाताला न लागणाऱ्या यंत्रातून निघाली, न दिसणाऱ्या पुलावरून गेली, मग अख्खं कोकण उतरून तुमच्या कातळापर्यंत, आणि परत. माझी पापणीही लवली नव्हती. मी हे काम अकरा वर्षं करतेय. असे हजारो आकडे बघितलेत. पण काल हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. आम्ही पोरं असताना कातळवाडीला यायला एसटीत एक दिवस जायचा.

आता तुमचे प्रश्न. ती लांब गेली नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत तिथेच होती. पेटी सगळं ऐकते. इंजिन, वल्ह्याचा ठोका, फळीवर काही आपटलं तर तेही. माणसाचं बोलणं पाण्यात नीट उतरत नाही, पण मॅडम म्हणतात इंजिनाच्या आवाजावरून बोट ओळखता येते, चालीवरून माणूस ओळखावा तशी. आणि हो, सांगणार. जाळी वर घ्या म्हणून मच्छीमारांना सांगणार. कोण सांगेल ते अजून ठरलेलं नाही. काय नेमके प्रश्न विचारलेत काका, तुमच्यातला ऑपरेटर जागा झालाय!

सोमवारी, ४ नोव्हेंबरला, समुद्र थेट सोडायचा. हे पत्र दादालाही वाचायला द्या.

श्रुतिका

*

घाटकोपर,
१३ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

हे तुम्ही कुडाळहून आल्यावर वाचाल. डोळा कसा आहे?

समुद्र आला नाही. चार तारखेला सकाळी सगळे जमलो होतो. मॅडमनी पेढे आणले होते. पेटीने ओ दिलीच नाही. २५ तारखेला दिली होती आणि आता गप्प. सिद्धेशदादाला फोन केला. "हिरवो दिवो लागलोहा गं. सगळा बरोबर आसा." म्हणजे दोष माझ्याकडे. पूल मोडून परत बांधला. राउटर काढून नवा उभा केला. पत्ता बदलला. मग सगळंच पुसलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. घरून मोबाईलवरून हाक मारली तर आतली यंत्रं लगेच ओ देतात. गप्प आहे तो फक्त तुमचा किनारा. दादाला पाचदा विचारलं, पाचदा तेच उत्तर. तो तरी बिचारा किती वेळा सांगणार.

काल कारखान्याच्या जिन्यात बसून रडले. तुम्हालाच सांगतेय, आईला कळवू नका.

२६ तारखेला विश्वस्तांची बैठक आहे. त्यातल्या एकांचं म्हणणं, डिस्क होत्या त्याच बऱ्या, आणि तुमच्याकडचा माईक काढून दुसऱ्या किनाऱ्यावर लावा. डिसेंबर-जानेवारीत देवमासे तुमच्या बाजूने जातात. माईक हलला तर या वर्षीही ते कुणाला न कळता येतील आणि जातील. मॅडम मला काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

श्रुतिका

*

कातळवाडी,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. श्रुतिका,

तुझा पूल बरोबर आहे. राउटर बरोबर आहे. दोष इथला आहे, आणि तो वायरीचा नाही.

काल कुडाळहून आलो. तुझे पाकीट टेबलावर होते. वाचून तसाच पडवीत गेलो. पेटीवरचा दिवा दिसेना. म्हटले नवा डोळा आहे, चुकत असेल. हात ठेवून पाहिला. ती पेटी एरवी झोपलेल्या मांजरासारखी उबदार असते. काल दगडासारखी गार. मागे वाकून बघितले तर प्लग काढलेला, आणि वायर गोल गुंडाळून खिळ्याला टांगलेली. आमच्या घरात दोर इतक्या निगुतीने गुंडाळणारा एकच माणूस आहे.

आता जे लिहितो ते दहा महिन्यांपूर्वी सांगायला हवे होते.

जानेवारीतले ते पिल्लू सिद्धेशच्या जाळ्यात सापडले होते. उजाडता उजाडता जाळे जड लागले. ओढून बघतात तर पंधरा-सोळा फुटांचे पिल्लू, शेपटीला आणि पंखाला जाळे आवळलेले. सिद्धेशने सुरी घेऊन पाण्यात उडी टाकली आणि जाळे कापू लागला. तेवढ्यात मोठी आली. होडीच्या खालून गेली. होडीपेक्षा लांब. शेपटीचा एक फटका मारती तर होडीही राहिली नसती आणि माझा मुलगाही. तिने मारला नाही. ती पिल्लाच्या खाली जाऊन त्याला पाठीवर उचलत होती, श्वास घेता यावा म्हणून. सिद्धेश जाळे कापत होता आणि ती उचलत होती. त्या दोघांनी किती वेळ ते केले त्याला सांगता येत नाही. तिचा डोळा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता आणि तो डोळा त्याच्याकडे बघत होता, एवढेच सिद्धेश सांगतो. जाळे सुटले तेव्हा उशीर झालेला होता.

घरी येऊन त्याने मला सांगितले. गप्प राहा, असे मी त्याला म्हटले. देवमासा मारला म्हणतील, वनखाते येईल, पेपरात नाव येईल. हे शब्द माझे, त्याचे नव्हेत. तो गप्प राहिला, आणि मग गप्पच राहिला. मला काही सुचेना तेव्हा, निदान पुढचे पिल्लू वाचावे म्हणून मी फायबरसाठी पंचायतीच्या मागे लागलो. तुला वाटले टेलिफोनवाला. तसे असते तर किती बरे झाले असते.

काल संध्याकाळी तो आला तेव्हा ती वायर त्याच्यापुढे ठेवली. त्याचे ओठ मला वाचता येतात. म्हणाला, "ता मशीन होडी वळाखता, बाबा. श्रुतिकान लिवल्यान हा. जानेवारीतला इंजिन माझा म्हणान उद्या सगळ्यांका कळात."

मी म्हटले, "कळू दे."

तो मान हलवत राहिला. मग मी तुझे पहिले पत्र काढले, एकसष्ट तासांचे. ते मी त्याला कधी दाखवले नव्हते. त्याने ते उभ्याने वाचले. मग पायरीवर बसून वाचले. जानेवारीत आम्हा दोघांना वाटले होते की ती निघून गेली. पुळणीवर पिल्लू लागले आणि सगळे गाव बघायला गेले, तेव्हाही ती तिथे खाली हाका मारत होती, हे त्याला माहीत नव्हते.

विमला तुळशीकडे दिवा लावायला आली, त्याच्याकडे बघून तशीच आत गेली. बऱ्याच वेळाने तो उठला आणि स्वतःच्या हाताने प्लग लावला. मी पेटीवर हात ठेवून होतो. ती थरथरली आणि हळूहळू ऊब आली.

हे पत्र तो स्वतः देवगडला नेऊन स्पीड पोस्टाने टाकतो आहे. फोन कर म्हटले तर म्हणाला, माझ्या तोंडून नीट निघणार नाही, आधी हे जाऊ दे. तुझ्याशी तो खोटे बोलला आणि मी ती वेळ आणली. आता कोणाला सांगायचे ते तू ठरव. आम्ही दोघे तयार आहोत.

धोंडूकाका

*

घाटकोपर,
२३ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

मंगळवारी सकाळी ऑफिसात शिरले तर समुद्र चालू होता. सोमवारी जाताना मी एक नियम बदलला होता. म्हटलं, तोच लागू पडला! सगळ्यांना तसंच सांगितलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. तीन दिवस मी फार हुशार होते. काल तुमचं पत्र आलं.

खोटं नाही लिहिणार, राग आला. आधी दादाचा, मग तुमचा. पंधरा दिवस मी माझ्याच हातांवर संशय घेत होते. पत्र पिशवीत कोंबून पंतनगरपर्यंत चालत गेले आणि परत आले. मग पुन्हा काढून वाचलं. तिचा डोळा हातभर अंतरावर, या ओळीपाशी आले आणि राग कुठे ठेवायचा तेच कळेना.

आज मॅडमना सगळं सांगितलं. तुमचं पत्रच हातात दिलं. वाचून झाल्यावर त्यांनी मधलं पान पुन्हा काढून वाचलं. मग म्हणाल्या, "ती पिल्लाला उचलून धरत होती, हे त्याने पाहिलं? स्वतः, पाण्यात, शेजारून?" म्हटलं, हो. "श्रुतिका, वीस वर्षं मी हे फक्त वाचत आलेय. आपल्या किनाऱ्यावर हे पाहिलेला माणूस मला आजवर भेटला नव्हता. आणि तो तिच्याबरोबर काम करत होता."

वनखात्याकडे त्या स्वतः दादाला घेऊन जाणार आहेत. घडलं तसं सांगायचं. काय होईल ते त्यांनाही माहीत नाही, पण तो एकटा जाणार नाही. आणि बोटींना कोण सांगणार हे ठरलं म्हणाल्या, दादाच, त्याची तयारी असेल तर. मी फोन केला. दादा फक्त "हां" म्हणाला. फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मस्कतच्या त्या दोघांसारखे बसलो.

थेट समुद्र कसा असतो सांगू? मला वाटायचं खाली शांत असेल. शांत कसला! कोळंब्या अखंड तडतडतात, कढईत मोहरी तडतडावी तशा. ढोमे मासे गुरगुरतात, एक थांबला की दुसरा. आणि लाट. तुमच्या कातळावर लाट फुटते आणि आवाज साफ होऊन अडीच सेकंदांनी ती मुलुंडला फुटते. खाली एलबीएस रोडवर हॉर्न चाललेत आणि आम्ही सहा जणं चहा गार करत देवगडची लाट ऐकतोय. बैठकीच्या आधीच एक विश्वस्त येऊन गेले, ते डिस्कवाले. दहा मिनिटं म्हणून बसले. तासाभराने उठले तेव्हा म्हणाले, "हे आत्ताचं आहे? आत्ता, या क्षणाचं?" तीनदा विचारलं. माईक कुठेही हलत नाही.

श्रुतिका

*

कातळवाडी,
१४ जानेवारी २०२५

चि. श्रुतिका,

रविवारी तू जे ऐकलेस ते आम्ही पाहिले. सिद्धेश म्हणतो त्याला फोनवर धड सांगता आले नाही. म्हणून मी लिहितो. मलाही जमेल की नाही शंका आहे.

वनखात्याचे ते काम डिसेंबरात झाले हे तुला मॅडमनी सांगितले असेल. जबाब घेतला, समज दिली, आणि त्यातल्या एका साहेबांनी त्याला विचारले की जाळे कसे कापलेस ते इतरांना शिकवशील का. पण हे सगळे देवगडला, चार भिंतींत. गावात कोणाला माहीत नव्हते.

रविवारी मी हट्टाने होडीत गेलो होतो. दोन्ही डोळ्यांनी समुद्र बघायचा होता. दीड वाजता तुझा फोन आला. सिद्धेशने माझ्याकडे तोंड करून दोन बोटे दाखवली, एक लांब, एक अर्धे मुडपलेले. मोठी आणि लहान. मग त्याने वायरलेस उचलला. आजूबाजूला आमच्या वाडीच्या अकरा बोटी होत्या. जाळी वर घ्या, देवमासे येतात, असे त्याने सांगितले. बाळा कुबलच्या बोटीवरून उत्तर आले, ते सिद्धेशने मला नंतर सांगितले, "जाळी टाकून तास नाय झालो. तुका कोणी सांगल्यान, देवमाशान?" त्यावर बाकीच्या बोटीही हसल्या.

सिद्धेश माझ्याकडे बघत होता. वायरलेस तोंडाशी धरला आणि सावकाश बोलला, मला प्रत्येक शब्द वाचता आला. "गेल्या वर्साचा पिल्लू माझ्या जाळ्यात मेला. माझ्या. मी सांगूक नाय. आता सांगतंय. जाळी वर घेवा."

त्याने वायरलेस खाली ठेवला. मग बाळाच्या बोटीवरची माणसे उठून उभी राहिलेली दिसली. त्यांनी जाळे ओढायला घेतले. मग पलीकडच्यांनी. अकराच्या अकरा. इंजिने बंद केली आणि सगळे उभे राहिले.

आधी फवारा दिसला, दूर, धुरासारखा. मग जवळ. मग आमच्या बाजूलाच पाणी गुळगुळीत झाले, जणू खालून कोणी इस्त्री फिरवली, आणि त्यातून पाठ वर आली. श्रुतिका, ती पाठ येतच राहिली. काळी, ओली, तिच्यावर ऊन. संपेल म्हणून बघतो तर संपेना. तिने श्वास सोडला तो माझ्या तोंडावर आला, कोमट, मासळीच्या वासाचा. माझा चष्मा भिजला. मी पुसला नाही. तिच्या कुशीला पिल्लू होते. ते आमच्या होडीकडे वळले, अंगावर कलले, आणि एक डोळा पाण्यावर काढून त्याने आम्हाला पाहून घेतले. घाई नव्हती त्याला. बाजाराला निघालेले पोर वाटेत थांबून बघते तसे. आईने त्याला तिथून हलवले नाही. ती थांबली.

माझे दोन्ही तळवे होडीच्या काठावर होते. फळी बोलू लागली. आधी वाटले इंजिन. इंजिन बंद होते. ते हातातून कोपरात आले, मग छातीत, मग दातांत. सहा वर्षांत मला कसला आवाज पोचला नाही, आणि हा माझ्या हाडांत येऊन उभा राहिला. मी सिद्धेशकडे बघितले. त्यानेही काठावर हात ठेवले होते. त्यालाही कानाने काही ऐकू आले नाही, फळीतूनच कळले, असे तो म्हणतो. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत तसेच बसलो. त्याचा चेहरा वर्षभरात मी तसा पाहिला नव्हता.

मग ती दोघे अकरा होड्यांच्या मधून गेली. बाळा कुबलने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला होता. ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ कोणी इंजिन लावले नाही. मग बाळाची होडी आमच्या होडीला लागली. त्याने हात लांब करून सिद्धेशच्या खांद्यावर ठेवला आणि परत गेला.

घरी आलो तर विमला अंगणात वाट बघत होती. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. "केवढी होती ता सांगा तरी," म्हणाली. मी दोन्ही हात पसरले. पुरेनात. सिद्धेश माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, माझ्या बोटांना बोटे लावून त्याने आपले हात पसरले. तेही पुरेनात. शेवटी विमलाने हातातले सूप खाली ठेवले, त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिनेही पसरले. भर उन्हात आम्ही तिघे एका ओळीत हात पसरून उभे होतो, आणि आमची तिघांची मिळून ती अर्धीसुद्धा झाली नाही.

तुझा,
धोंडूकाका